प्लगच्या वायरीतला दोरा

कुठलीही नवी वस्तू उसवून, कापून, निदान खरवडून बघितल्याशिवाय आत्याला चैन पडत नाही. उशी आणली की आधी तिची शिवण उसवणार, आत काय कोंबलंय ते बघून नाक मुरडणार आणि मग दुकानदारापेक्षा सरळ टाके घालून ती बंद करणार. जन्मभर गाड्यांची सीट-कव्हरं शिवलेली बाई. तिचा वरवरच्या गोष्टींवर विश्वासच नाही.

तिची स्वतःची गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. दोनच सीटा, वर छप्पर नाही आणि जमिनीला इतकी टेकलेली की उतरताना आतोबा मुकाट्याने हात पुढे करायचे आणि आत्या त्यांना ओढून काढायची. दर रविवारी दोघं फिरायला जायची. आतोबांचं सगळं आयुष्य छापखान्याच्या यंत्रांपाशी गेलं, त्यात कान गेले. कानाला यंत्र लावून ते आत्याची अखंड बडबड ऐकत बसायचे आणि खूश असायचे.

एका रविवारी गाडी चढावर ठसकायला लागली. आत्याच्या दुकानाशेजारी एक मेकॅनिक आहे. त्याला कुठलंही काम सांगा, पहिलं उत्तर 'जरा दम धरा', म्हणून त्याचं नावच दमधरा पडलंय. त्याने बॉनेट उघडलं आणि स्पार्क प्लगच्या वायरी वाकवून दाखवल्या. रबराला बारीक भेगा पडल्या होत्या.

"वीज प्लगपर्यंत पोचतच नाही, आत्या. वाटेतच गळते. नव्या वायरी घ्या."

तो पुढे आणखी काही सांगत होता, पण आत्या तोवर रस्ता ओलांडून स्पेअर पार्टच्या दुकानात पोचली होती. मी मागे धावले. दुकानदाराने काउंटरवर एक वायर ठेवली. आत्याने ती बोटात फिरवली, ताणली, वास घेतला आणि पिशवीतून कात्री काढली.

"अहो बाई, काय करताय!"

"किंमत लावा त्याची," असं म्हणून तिने वायर मधोमध कापली. आत तांबं नव्हतं, लोखंडही नव्हतं. काजळी पाजलेला एक काळा दोरा होता. आत्याने तो नखाने उकलला तसे तंतू सुटे झाले.

"दोरा?" ती माझ्याकडे वळली. "विजेच्या वायरीत दोरा घालतात? दोरा किती टिकतो ते मला शिकवणार का हे?"

दुकानदार म्हणाला, हल्ली अशाच येतात. पण आत्याचं ठरलं होतं. तिने आतून अस्सल तांब्याची तार असलेल्या वायरी मागितल्या, त्यातलीही एक कापून खात्री केली आणि विजयी मुद्रेने परतली. त्या घातल्यावर इंजिन खरोखरच तडफेने चालू लागलं. दमधरा मान हलवत राहिला, पण त्याला विचारतो कोण?

त्यानंतर आतोबा एकदाच गाडीत बसले. पुढच्या रविवारी त्यांची पाठ धरली. मग ऊन फार होतं. मग म्हणे पेपर वाचायचा राहिला होता. आत्याने सीटमधला फोम बदलला, उन्हासाठी टोपी शिवली, गाडी हळू चालवायचं कबूल केलं. तरी आतोबा नाहीच.

"माझ्यावर रुसलेत की गाडीवर, एवढं तरी कळू दे," ती मला म्हणाली. ती हसत नव्हती. आत्याला कोडी आवडतात, पण हे कोडं तिला झोंबत होतं. शेजारच्या सीटवर माणूस नसताना तिला ती गाडी नकोशी व्हायला लागली होती.

उलगडा झाला तो आत्याच्या दुकानात. मी काजं करत बसले होते आणि आत्याने दारात गाडी सुरू केली. त्याबरोबर आमचा जुना रेडिओ खरखरायला लागला. तिने ॲक्सिलरेटर दाबला, खरखर वाढली. इंजिन बंद केलं, रेडिओ नीट बोलू लागला. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. मग दमधराला हाक मारली.

"तांब्यातून वीज मोकाट धावते आणि आजूबाजूला सगळीकडे खरखर पसरवते," तो म्हणाला. "काजळीचा दोरा तिला आवरतो. तुमच्या जुन्या वायरीतही तोच होता."

"मग तेव्हा काय तोंड शिवलं होतंस?"

"तुम्ही दम कुठे धरलात?"

 आत्या तशीच गाडी घेऊन घरी गेली, आतोबांकडून त्यांचं कानाचं यंत्र मागून घेतलं, स्वतःच्या कानात घातलं आणि चालू गाडीत जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिने यंत्र त्यांच्या कानात परत बसवलं.

"अहो, हे असलं ऐकत बसला होतात तुम्ही? बोलला का नाहीत?"

आतोबा हाताची नखं बघत म्हणाले, "मला वाटलं, उरलेला कानही चाललाय. छापखान्यात असंच झालं होतं, आधी गोंगाटात ऐकू येईना, मग घरातही. घरी तुझ्या ओठांकडे बघून भागतं. गाडीत तू समोर बघतेस." मग हळूच म्हणाले, "आणि तुला सांगितलं असतं तर तू गाडी विकून टाकली असतीस."

"टाकलीच असती," आत्या म्हणाली आणि तिने पदराने नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानदारासमोर उभी राहिली. कात्री बघून त्यानेच एक तिसऱ्या जातीची वायर कापून पुढे केली. आत मधोमध दोरा होता आणि त्यावर केसाइतकी बारीक तार वेढ्याला वेढा लावून गच्च गुंडाळलेली. तो म्हणाला, ही टिकते आणि खरखरही दाबते. आत्याने भिंग लावून ते वेढे निरखले. "ही बॉबिन ज्याने भरली, त्याला काम येतं," एवढंच म्हणाली. तरी दुकानातला रेडिओ सीटवर ठेवून, गाडी जोरात घुमवून तिने स्वतः खात्री केली, तेव्हाच आतोबांना बोलावलं.

त्या रविवारी मीही हट्टाने गेले. सीटांमागे सामान ठेवायची फळी आहे, तिच्यावर घडी होऊन बसले. आतोबांनी दरवाजाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर आत्याने तोंड पूर्ण त्यांच्याकडे वळवलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत विचारलं, "पुलावरून जायचं का?"

गाडी कडेला सरकली. मी किंचाळले.

"अगं, पुढे बघ!" आतोबा ओरडले. "येतंय मला ऐकू!"

आत्या पुढे बघू लागली.  मग मान न वळवता, मला जेमतेम कळेल इतक्या बारीक आवाजात ती म्हणाली, "इतके दिवस खूप घाबरला होतात?"

"हो," आतोबा म्हणाले.