खुंटीवरचा मास्क

आमच्या आबांना साऱ्या जगातले धोके दिसायचे. मी तुंगार्लीतल्या एका हॉटेलात कामाला लागले तेव्हा रोज निघताना त्यांची उजळणी ठरलेली. "हायवेला कडंकडंनं जा. धरनाकडं फिरकू नको. तोंड बांध, लय धूळ हाय." एवढं मला सांगून माझे वडील स्वतः टाकव्याजवळ गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये औषध मारायला जायचे, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून.

गुलाबावर भुरीची बुरशी पडते, लाल कोळ्याची कीड येते. बंद प्लास्टिकखाली फवारणी केल्यावर औषध जाणार कुठे? ते फडक्यात मुरायचं. फडकं ओलंचिंब होईपर्यंत आबा त्यातूनच श्वास घ्यायचे आणि घरी येऊन तेच दोरीवर वाळत घालायचे. चुलीपर्यंत वास यायचा, आई करवादायची.

मालकानं मास्क दिला नव्हता असं नाही. चांगला दिला होता, दोन्ही बाजूंना गाळण्या असलेला. आबांनी तो पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही, तसाच खुंटीला टांगला. आमच्या घराची रीतच ती. नवी चादर पाहुण्यांसाठी, नवं पातेलं माळ्यावर, नवी चप्पल जत्रेला. मी चिडायचे.

"आबा, कवा वापरनार तुमी त्यो?"

"नवा हाय त्यो. ऱ्हाऊ दे, पुढं कामाला यील."

"पुढं म्हंजी कवा?"

"तुज्या लग्नात घालतो," म्हणून ते हसायचे. मग खोकायचे.

हॉटेलच्या मागे दरीवरून तारेला लटकून जायचा खेळ आहे. आलेल्या माणसांना हेल्मेट द्यायचं, पट्टे नीट बसलेत का ते तपासायचं, हे माझं काम. घटकाभर पोटात गोळा यावा म्हणून लोक पुण्या-मुंबईहून येतात, किंचाळतात आणि मिसळ खाऊन परत जातात. परक्यांचे पट्टे मी ओढून ओढून बघायचे, आणि घरच्या माणसाला साधा एक मास्क घालायला लावता येत नव्हता. मला त्या पर्यटकांचा भयंकर राग यायचा. खरं तर तो आबांवरचा होता.

गेल्या हिवाळ्यात आबांना ओट्याची पायरीसुद्धा जड जाऊ लागली. अंगणातच कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, कुणी बघितलं तर आभाळाकडे बघत असल्यासारखं करायचे. तळेगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?"

"गुलाबाचं," आबा म्हणाले.

"अरे वा," म्हणत डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. फवारणीचं मग मी सांगितलं. नंतर ते बोलले ते माझ्याशीच. यांनी इतकी वर्षं औषधाच्या फवाऱ्यात काढलीत, आता फुप्फुसं पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत, म्हणाले.

त्या दिवशी घरी येऊन मी खुंटीवरची पिशवी फाडली. आत कोऱ्या रबराचा वास होता. मला तो मास्क उकिरड्यावर फेकायचा होता. आईनं माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा खुंटीला लावला.

पुढच्याच महिन्यात आबांना दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. नर्सची पाठ वळली की आबा तो काढायचे, फडक्यानं पुसायचे आणि इलॅस्टिक नीट गोळा करून उशीशेजारी ठेवायचे. मी लावायचे, ते काढायचे. शेवटी मला रडू फुटलं.

"आबा, का वो काडताय सारखा?"

त्यांना बोलायला दम पुरत नव्हता. थांबत थांबत म्हणाले, "आत्ता बरं वाटतंय, पोरी. थोडं ऱ्हाऊ दे. उद्याला व्हईल."

मी मास्क लावला आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घट्ट धरून बसले. संध्याकाळी नर्सनं येऊन नाडी बघितली, माझे हात सोडवले आणि मास्क काढून घेतला.