बांगडीचा नेम

आयुष्यभर मी फोनच्या रिंगला घाबरत आले आहे. सकाळी लवकर वाजला तर कुणीतरी गेलं असेल, दुपारी वाजला तर कुणीतरी पडलं असेल, आणि वाजलाच नाही तर तो का वाजत नाही म्हणून घाबरायचं. पण त्या रविवारी सकाळी सुनंदाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी मेथी निवडत बसले होते आणि तिचं नाव पाहूनही मला काही वाटलं नाही. पोह्यांना किती जण येणार ते विचारत असेल, एवढंच मनात आलं. ती म्हणाली, "ताई, हे उठून नाही राहिले." मी म्हटलं, झोपू दे की त्याला, रविवार आहे... तिने पुन्हा तेच वाक्य म्हटलं, तेव्हा कुठे माझ्या हातातली जुडी खाली पडली. माझा धाकटा भाऊ विनू असा गेला. जगातल्या सगळ्या वाईट बातम्यांची आगाऊ तयारी करून ठेवणाऱ्या त्याच्या बहिणीला नेमकी हीच ओळखू आली नाही.

विनू काही मोठा माणूस नव्हता. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाला, शहराबाहेर बेसाला छोटं घर बांधलं, एका मुलीचं शिक्षण केलं. वर्तमानपत्रात लिहिण्यासारखं त्याच्यात काय होतं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की साठीला आलेली, गुडघे दुखणारी, एकमेकांशी फारसं न बोलणारी माणसं त्याने दर रविवारी लहान मुलांसारखी ओरडायला लावली. आणि तेही धनुष्यबाणाने. हे वेड तसं जुनं. उमरेडकडे आमची शेती होती. तिथे तो बांबूच्या कामटीला सुतळी बांधायचा, तुरीच्या काडीच्या टोकाला बाभळीचा काटा बसवायचा आणि दिवसभर बोरं पाडत हिंडायचा. एकदा तो काटा माझ्या वेणीत येऊन रुतला, कानाच्या अगदी जवळ. मी अशी किंचाळले की आई पिठाच्या हातांनी धावत आली. विनू शांतपणे म्हणाला की त्याने नेम रिबिनीवरच धरला होता, म्हणजे चुकलं काहीच नाही. त्याला मार बसला आणि मला भीती बसली. त्याचा मार संध्याकाळपर्यंत उतरला.

मग मधे सगळं आयुष्य गेलं. त्याची मुलगी केतकी कॉलेजात असताना तिरंदाजीच्या क्लासला जायची. नोकरी लागून ती पुण्याला गेली आणि तिचं धनुष्य कपाटावर धूळ खात राहिलं. निवृत्तीनंतर एक दिवस विनू पंखा पुसायला स्टुलावर चढला आणि उतरला तो धनुष्य घेऊनच. पंखा तसाच राहिला, ही सुनंदाची कायमची तक्रार. घरामागे एक मोकळा प्लॉट होता. त्याचा मालक परगावी राहायचा आणि प्लॉटवर लक्ष ठेवायचं काम त्याने विनूवरच सोपवलं होतं. विनूने मागच्या उंच भिंतीला भाताच्या तणसाचे भारे लावले, त्यावर जुन्या गाद्या उभ्या केल्या, केतकीकडून फोनवर धडे घेतले आणि महिन्याभरात आम्हा सगळ्यांना बोलावणं धाडलं. साधं गोल निशाण त्याला दोनच रविवार पुरलं. त्यानंतर त्याचं डोकं चालू लागलं. भाजलेला पापड दोऱ्याने टांगायचा आणि बाण लागला की त्याचा चुरा उडायचा. फुग्यात गुलाल भरायचा. निशाणाकडे पाठ करून, सुनंदाच्या पावडरच्या डबीतल्या आरशात बघत खांद्यावरून नेम धरायचा. ज्याचा नेम सगळ्यांत वाईट त्याने पोह्यांवरच्या तिखट तर्रीचं पातेलं घासायचं. शेजारचे मोहनभाऊ ते पातेलं इतक्यांदा घासायचे की त्यांचा बाण नुसता गादीपर्यंत पोचला तरी टाळ्या पडायच्या.

मी तिथे जायचे ती डोळ्यांवर पदर घेऊन बसायला. माझे यजमान स्कूटरवरून भाजी आणायला गेले ते परत आलेच नाहीत, तेव्हापासून तर माझी गत आणखीच वाईट. घरातून निघालेलं माणूस पोचलं का, हे कळेपर्यंत मला घास गिळवत नाही. त्यात इथे बाण उडत होते. एकदा विनूने दोरी ओढलेली असताना मोहनभाऊ आपला पडलेला बाण उचलायला सरळ पुढे चालत गेले. कुणाचंच लक्ष नव्हतं. मी ओरडले आणि विनूने धनुष्य आकाशाकडे वळवलं. बाण कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. सगळे हसले. मी चपला घातल्या आणि सांगितलं की मी पुन्हा येणार नाही. तेव्हा विनू माझ्याजवळ येऊन बसला.

"ताई, तू घाबरून राहिली न, तेच पाहिजे मले," तो म्हणाला. "आम्ही सारे नेम पाह्यतो. बाकी कोणीच काही पाह्यत नाही. आजपासून तू म्हणशीन तवाच बाण सुटन."

त्याने ते गमतीत म्हटलं असेल, पण पाळलं मात्र नियमासारखं. बाण मारणारे ज्या रेघेवर उभे राहायचे तिच्या बाजूला मी खुर्ची ठेवायची. एकेक डोकं बघायचं, गल्लीचं टोक बघायचं, कुत्रं, सायकल, भिंतीवरची मांजर, सगळं बघायचं आणि म्हणायचं, "सगळे इकडे." त्याशिवाय कुणी बाण सोडायचा नाही, मग दोरी कितीही ताणलेली असो. जिच्या काळजीला घरचे कंटाळले होते, फोन उचलायच्या आधी जिच्या नावाने उसासे टाकले जात होते, तिच्या तोंडाकडे आता दहाबारा माणसं श्वास रोखून पाहायची. मला फार बरं वाटायचं. भीती गेली नाही, पण तिला काम मिळालं.

विनूचा सगळ्यांत लाडका खेळ बांगडीचा. काचेची बांगडी दोऱ्याला बांधून टांगायची, तिला झोका द्यायचा आणि हलत्या बांगडीतून बाण घालून मागचा फुगा फोडायचा. पहिल्यांदा त्याने सुनंदाच्या हातातली बांगडी मागितली. ती काढायलाही लागली होती, पण मी अडवलं. सवाष्णीच्या हातातली बांगडी असल्या खेळात फुटायला नको. तो हसला, म्हणाला, ताईची कंट्रोल रूम चालू झाली. तरी माझं ऐकलं. पुढे मीच इतवारीच्या बाजारातून कुणाच्याच हातात न गेलेल्या बांगड्यांचा डबा आणून दिला. त्यातल्या पुष्कळ फुटल्या. फुगा फार क्वचित फुटला, पण फुटला की विनू आपली टोपी हवेत उडवायचा.

गेल्या वर्षी तो जिना चढताना धापा टाकू लागला. तपासण्या झाल्या. हृदय फार अशक्त झालंय, डॉक्टर म्हणाले. गोळ्या घ्या, पायऱ्या टाळा, पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका. धनुष्याचं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण उत्तर माहीत होतं. सुनंदाने ते पुन्हा कपाटावर टाकलं. रविवार मात्र त्याने बंद होऊ दिले नाहीत. मोहनभाऊंनी भाड्याने एक जुनं धनुष्य आणलं आणि विनू माझ्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसू लागला. इतरांना कोपर वर घ्या, श्वास सोडा, असं सांगत राहायचा. मी आता निशाणाकडे कमी आणि त्याच्या ओठांच्या रंगाकडे जास्त पाहायचे. त्याला ते कळायचं. एकदा तो म्हणाला की रेघेपलीकडे कुणी नाही ना ते बघ, मी तर इकडेच आहे.

दिवाळीनंतरच्या रविवारी केतकी आलेली होती. तिनेच आपलं जुनं धनुष्य कपाटावरून काढलं, दोरी चढवली, बांगडी टांगली आणि झोका दिला. तिचे दोन्ही बाण हुकले. सुनंदा आत पोह्यांना फोडणी देत होती. विनू खुर्चीतून उठला, केतकीच्या हातातून धनुष्य घेतलं, आणि ती "बाबा" म्हणेपर्यंत त्याने बाण लावून दोरी गालापर्यंत ओढलीसुद्धा. मोहनभाऊ जागच्या जागी थिजले. कुणीच काही बोललं नाही, कारण बोलायचं काम माझं होतं.

मी गल्लीचं टोक पाहिलं. कुणी नव्हतं. भिंतीवर मांजर नव्हती. सगळी माणसं रेघेच्या अलीकडे, एकही पाऊल पुढे नाही. एखादं कुत्रं तरी यावं, एखादा सायकलवाला यावा, म्हणजे मला थांब म्हणता येईल, असं मला वाटत होतं. मला नाही म्हणायचं होतं. डॉक्टरांचे शब्द कानात होते, आणि डोळ्यांसमोर त्याचं ते कोपर, जे आधी स्थिर होतं आणि आता थरथरायला लागलं होतं. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. लवकर म्हण, असंही म्हणाला नाही. तो फक्त वाट पाहत होता. त्याच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली, आणि मी तरीही पाहतच राहिले... मग माझ्या तोंडून निघालं, "सगळे इकडे."

बाण बांगडीच्या काठाला लागला. काच फुटल्याचा आवाज झाला, बाण गादीत घुसला, फुगा तसाच डोलत राहिला. त्या आवाजाने सुनंदा हातात झारा घेऊन बाहेर आली. विनू खुर्चीत बसला होता, छातीवर हात ठेवून, धापा टाकत आणि हसत. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "लय वेळ लावला वं ताई." ती बांगडी कुणाच्याच हातातली नव्हती, हे मी त्या दिवशी आणि त्यानंतर रोज स्वतःला सांगत राहिले. सुनंदा दोन-तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. तो म्हणायचा, आहे अजून. आणि मग तो रविवार आला.

डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की त्या बाणाचा आणि याचा संबंध नाही, हे कधीही होणारच होतं. डॉक्टर म्हणतात म्हणजे तसं असेल. पण तेराव्याला पाहुणे पांगल्यावर सुनंदा स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "काहून म्हटलं तुम्ही, ताई? तुम्ही नाही म्हटलं असतं त त्यायनं खाली ठेवलं असतं."  खरंच ठेवलं असतं. माझा शब्द त्याने कधी मोडला नाही. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी डाळ शिजवताना, देवाला दिवा लावताना, भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेताना तेच एक वाक्य ऐकत होते, आणि मनातल्या मनात नाही म्हणून बघत होते. तो धनुष्य खाली ठेवतो, खुर्चीत बसतो, पोहे खातो. किती सोपं होतं ते.

परवा मी बेसाला गेले होते. सुनंदाला कपाट आवरायचं होतं. दाराच्या मागे धनुष्य उभं होतं, दोरी चढवलेलंच. विनू प्रत्येक रविवारी खेळ संपला की दोरी उतरवायचा. बांगडी फुटली त्या रविवारी कुणालाच ते सुचलं नव्हतं आणि नंतर त्याला हात लावायची कुणाची इच्छा नव्हती. इतक्या वर्षांत मी ते कधी हातात धरलं नव्हतं. काय वाटलं कोण जाणे, मी ते उचललं, डावा हात पुढे केला आणि तो करायचा तशी दोरी ओढली. गालापर्यंत कुठली, छातीपर्यंतच आली. खांद्यात कळ गेली, हात कापायला लागले. तेव्हा आठवलं, बाण नसताना दोरी सोडायची नाही, धनुष्य मोडतं, असं तो प्रत्येक नव्या माणसाला बजावायचा. म्हणजे ती आता हळूहळू परत न्यायला हवी होती. आणि ते मला जमेना. ओढताना जेवढा जोर लागला त्याहून जास्त आता लागत होता, कारण एकेक इंच तिला अडवत, तोलत परत न्यायचं होतं, आणि हातात ताकद उरलेली नव्हती. मी सुनंदाला हाक मारली. ती धावत आली, माझ्या मागून दोन्ही हात घालून तिने माझ्या मुठीवर मूठ धरली, आणि आम्ही दोघींनी मिळून, दात-ओठ खात, ती दोरी जागेवर आणली.

दोघीही पलंगावर टेकलो. सुनंदा आपलं मनगट चोळत होती. धनुष्याकडे पाहत ती म्हणाली, "हे वापस आणनं त्यायच्यानं झालं नसतं, ताई."

मी म्हटलं, पण मी वेळ लावला. किती वेळ तो ते तसंच धरून उभा होता, ते मला आज कळलं.  माझा हात तिने हातात घेतला. दोरी उतरवायची कशी ते आम्हा दोघींनाही येत नाही. केतकी पुढच्या महिन्यात येईल, ती उतरवेल. तोवर सुनंदाने ते बैठकीच्या खोलीत, विनूच्या खुर्चीमागे टांगलं आहे, ताणलेलंच.