हाँगकाँगच्या धक्क्यावर आई

माझी आई हाँगकाँगमध्ये पाच तास एका जागी उभी होती.

आमच्या घरात हा जोक होता.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून नातेवाइकांच्या स्टेटसला तिचे फोटो, खाली दिवा, फुलं, 'मायेची सावली' वगैरे. चालू द्या. मी खरं काय ते लिहिते.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शिरूरला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान. कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं की डीलरला फॉरेन टूर. त्या वर्षी टूर जोडीनं होती.

आई तळेगाव ढमढेऱ्याची. तोवर तिची टूर म्हणजे माहेर.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला, तर आप्पा त्याला म्हणाले, "हिला तिकडंच ठिवून घेत्यात का बघा, साहेब."

पोलीस हसला. चहा घेऊन आलेली आईपण हसली.

हाँगकाँगला तिसऱ्या दिवशी सगळे बोटीनं पलीकडच्या किनाऱ्याला गेले. आप्पांना कॅमेऱ्याची दुकानं बघायची होती. आईचे पाय नव्या सँडलनं सोलले होते, तिला चालवत नव्हतं.

"तू हितंच थांब धक्क्यावर. अजिबात हलायचं न्हाई. हरवलीस तर मी काय चिनी भाषेत बोंबलत फिरू?"

आणि गेले.

आणि विसरले.

खरंच विसरले हो! कॅमेरा घेतला, जेवले, टॅक्सीनं हॉटेलवर आले, मस्त झोप काढली. संध्याकाळी कारेगावचे युनूसकाका, तेपण डीलर, त्यांनी विचारलं, "आप्पा, वहिनी कुठायत?"

तेव्हा ट्यूब पेटली.

परत जाऊन बघतात तर आई तिथंच. डोक्यावर पदर, पदरावर कंपनीची पिवळी टोपी.

झाला जोक.

लग्न असो, साखरपुडा असो, सोसायटीची मीटिंग असो. "आख्खं हाँगकाँग हिंडून आलो, तर आमचा खांब आपला जाग्यावर!" लोक मांडीवर थापा मारून हसायचे. आई तिथंच वाढत असायची.

खांब हे तिचं नावच पडलं. भाऊ खुशाल म्हणायचा, "ए खांब, पाणी दे."

मीपण हसलेय. कॉलेजात मैत्रिणींना मीच सांगायचे, ॲक्शनसकट.

मग भावाचं लग्न जमवायला पाहुणे आले. आप्पांनी परत तेच सुरू केलं. होणाऱ्या विहीणबाई हसून हसून लाल.

आई पोह्यांच्या प्लेटा देत होती. देता देता म्हणाली, "पुढचं पण सांगा की."

"पुढचं काय?"

"मला एकीला लागली हुती. कुणाला इचारू? आन् मी हलले, तवाच हे आले तर? मग लुगड्यातच झालं. वाऱ्यानं वाळूस्तवर तशीच हुभी. दोघातिघांनी फोटो काढला माझा. मी आपला पदर नीट केला."

आवाज अगदी साधा. बाजारात भेंडी काय भाव मिळाली ते सांगावं तसा.

कुणी हसलं नाही. आप्पा म्हणाले, "पोहे घ्या, गार होत्यात."

मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. जवळ घ्यायला नाही.

"आई, पाहुण्यांसमोर असलं बोलतात का? दादाचं लग्न मोडायचंय का तुला? जरा लाज बाळग."

ती म्हणाली, "चुकलं बाई माझं."

मी म्हणाले, "परत नको."

तिनं चहात साखर टाकली.

लग्न बिनघोर झालं. पण त्यानंतर आई पाहुण्यांपुढं आली नाही. ट्रे दारातूनच माझ्या हातात द्यायची, पुढं वहिनीच्या. आम्हाला वाटलं, बरं झालं, सून आली, आता जरा आराम करतेय.

आप्पांचा जोकपण बंद झाला. मला वाटलं, वरमले.

कसले वरमतायत!

आज वर्षश्राद्धाची पंगत बसली. आप्पा शेजारच्या मामांना म्हणाले, "आमची ही हाँगकाँगला..."

पुढचं सांगणारी आता नाही ना.

सगळे हसले. डोळे पुसत हसले. "लई साधी माऊली," म्हणाले.

मी खीर वाढत होते. मी तोंड उघडलं. आत्यानं डोळे वटारले, आणि मी मुकाट्यानं पुढच्या पानावर खीर वाढली.

म्हणून आता खोलीला कडी लावून इथं लिहितेय. एवढीच माझी हिंमत.

आप्पा फेसबुकवर नाहीत. कुणीतरी वाचून दाखवेलच. दाखवा.

आई, हॉस्पिटलात सात दिवस मी तुझ्या उशाशी होते. तुझं युरिन पॉट मीच द्यायचे. दर वेळी तू "सॉरी बाई" म्हणायचीस. कुठून शिकलीस कोण जाणे. मी "असू दे" म्हणायचे. बोलायला वेळ भरपूर होता. बोलले नाही.

तुझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं.

तुला हात जोडते. श्रद्धांजली हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. बाकीच्यांनी खाली लिहा.