दम लागलेले पीटी सर

आमचे पीटी सर सावकाश चालताना कुणाला दिसलेच नाहीत. मुख्याध्यापकांनी बोलावलं तरी पळत जायचे, बाजारातून भाजीची पिशवी घेऊन पळत यायचे. एखादी मुलगी धापा टाकत थांबली की म्हणायचे, "दम लागला म्हणून कुणी मरत न्हाई. पळ." शिट्टी फुंकून झाली की भिंतीमागे जाऊन सिगारेट ओढायचे. अहमदपुरातल्या आमच्या सगळ्या शाळेला ते ठाऊक होतं.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा जिल्ह्याच्या स्पर्धेला मुलीही न्यायच्या, असं त्यांनी ठरवलं. आमच्या बौद्धवाड्यातली पोर परगावी पाठवायला माझे वडील तयार नव्हते. सर येत राहिले, आमच्या ओट्यावर बसून चहा पीत राहिले, शेवटी वडीलच थकले. पुढे नर्सिंगला मी नांदेडला गेले, तेही सरांनीच त्यांना पटवलं म्हणून.

बऱ्याच वर्षांनी, दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात, मी नर्स होते त्याच दवाखान्यात सर आले. फुप्फुसात कॅन्सरची गाठ. बरोबर सरांच्या बायको, आमच्या काकू, आणि सरांचे थोरले भाऊ. डॉक्टरांनी ऑपरेशनआधी सरांना जिना चढायला सांगितला. फुप्फुसाचा भाग काढल्यावर उरलेलं शरीराला पुरेल का, याचा त्यावरून अंदाज येतो, असं समजावलं. सर पँट दुमडून दोन-दोन पायऱ्या चढू लागले आणि मधेच कठडा धरून खाली बसले. ओठ निळे पडले होते. मी पुढे केलेला पाण्याचा ग्लास त्यांनी घेतला नाही.

"ऑपरेशन निभेल, नंतरचं निभणार नाही," डॉक्टर म्हणाले. "रेडिएशनचा शेक घ्या. गाठ जाणार नाही, पण दिवस मिळतील."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "आयुष्यभर पोरांना नापास केलं. आता हे मला करायलेत."

ही परीक्षा नाही, पुढचा धोका आधी ओळखण्याची सोय आहे, हे मी व्हरांड्यात परोपरीनं सांगितलं. भावांनी मला गप्प केलं. काकू सरांच्या चपला हातात घेऊन उभ्या होत्या.

भावांनी त्यांना हैदराबादला नेलं. तिथे कुणी जिना चढायला लावला नाही. ऑपरेशन छान झालं, गाठ निघाली. मग कफ सुटेना, उरलेल्या फुप्फुसात न्यूमोनिया झाला, श्वासाचं मशीन लावलं. ते निघालंच नाही.

शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, सर शेवटपर्यंत हरले नाहीत. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मला तिथे बसवेना.

बाहेर काकूंनी माझा हात धरला. "शेकानं किती दिवस मिळाले असते गं?"

"काही महिने. कदाचित वर्षही."

"वर्ष," काकू म्हणाल्या. "मला ते घरात नुसते बसून राहिलेले चालले असते. पण मला कुणी इचारलंच न्हाई."