दोन भाकऱ्यांचं पीठ

शाहूपुरीच्या गूळ बाजारात रेवणसिद्ध तोलाईदार बोलला म्हणजे काटा बोलला, असं अडते म्हणायचे. गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, नुसता हात लावून तो वजन सांगायचा आणि काट्यावर पाव किलोचाही फरक पडायचा नाही. शेतकरी असो नाहीतर व्यापारी, त्याने तोललेला रवा कुणी परत काट्यावर चढवला नाही. अशा माणसावर घरात मात्र सहा वर्षं कुणाचा विश्वास नव्हता. सगळ्यात कमी होता तो त्याच्या बायकोचा, शांतव्वाचा.

घडलं ते असं. सत्याण्णव साली रेवणसिद्धला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर-गूळ तोडला आणि शांतव्वाला बजावलं, "जेवणाला दोन भाकऱ्या. भात नको. तिसरी भाकरी तर नाहीच नाही." शांतव्वाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दोनपर्यंत मोजायला शाळा कशाला लागते? तिने चहातली साखर बंद केली, सणाची पोळी बंद केली. तिसरी भाकरी त्या ताटात कधी पडली नाही. फक्त एक केलं. दिवसभर तीस-तीस किलोचे रवे हलवणारा गडी, चार भाकऱ्या सहज खाणारा. दोनात त्याचं पोट कसं भरायचं? म्हणून काटवटीत उंडा घेताना ती मूठभर पीठ जास्त घ्यायला लागली. भाकरी ताटाच्या बाहेर जायला लागली. तिने हे कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

साखर काही उतरेना. तपासणीचा कागद बघून डॉक्टर गोळी वाढवायचे आणि विचारायचे, "बाजारात गूळ तोंडात टाकता का?" बाजारात सौद्याच्या वेळी रवा फोडून नमुना हातोहात फिरतो. त्या घोळक्यात उभं राहून 'मी खात न्हाय' म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? शांतव्वा त्याचे सदरे धुवायच्या आधी खिसे उलटे करायला लागली. आणि एक दिवस निघालाच खिशातून गुळाचा खडा.

"ह्यो काय हो?"

"गिऱ्हाइकानं नमुना हातात दिला. नको कसं म्हणायचं? टाकला खिशात."

"आनि जे तोंडात टाकलं त्ये?"

रेवणसिद्धने गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "ह्याच्यावर हात ठिवून सांगतो, शांता. एक खडाबी खाल्लेला न्हाय मी."

लिंगायताच्या घरात याच्यापुढे शपथ नसते. पण शांतव्वाच्या अंगात संशय भिनला होता. ती म्हणाली, "देवाला तरी सोडा की!" आणि सदरा आपटायला लागली.

पुढे चप्पल लागून त्याच्या उजव्या अंगठ्याला जखम झाली. पाय बधिर झालेला, त्याला कळलंच नाही; कळलं तेव्हा अंगठा काढावा लागला. दवाखान्यात मुलगा शशिधर तोंडावर म्हणाला, "आप्पा, जिभेपायी पाय घालवनार तुमी." रेवणसिद्ध भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या दिवसापासून त्याने नाही म्हणायचंही सोडलं. शांतव्वाला वाटलं, आता कबूल झाला.

दोन हजार तीन साली त्याच पायाला पुन्हा जखम झाली. या वेळी सर्जनने स्पष्ट सांगितलं, दोन महिन्यांत साखर उतरली नाही तर घोट्यापासून पाय काढावा लागेल. ज्याचा सगळा धंदा उभ्याने, त्याचा पाय! दोघांना त्यांनी आहारतज्ज्ञ बाईकडे पाठवलं. अनुजा तिचं नाव. वयाने शांतव्वाच्या लेकीएवढी. तिने गुळाचं नावच काढलं नाही. म्हणाली, "मावशी, उद्या येताना तुमच्या दोन भाकऱ्यांचं पीठ बांधून आणा."

दुसऱ्या दिवशी शांतव्वाने फडक्याची गाठ सोडली. अनुजाने पीठ लहान काट्यावर ओतलं. काटा थांबायच्या आधीच रेवणसिद्ध हळू आवाजात म्हणाला, "अडीचशे."

अडीचशेच होतं.

"दोन भाकऱ्या म्हणजे आम्ही ऐंशी ग्रॅम धरतो," अनुजा म्हणाली. मग तिने टेबलावर चिंचोके मांडले. भाकरी गोड लागत नाही, पण पोटात गेली की तिचीही साखरच होते. त्या साखरेचं माप म्हणजे हा चिंचोका. लहान भाकरीचे दोन, पेलाभर दुधाचा एक, केळ्याचे दोन. सोमवारच्या उपासाच्या साबुदाण्याचे मांडले तेव्हा शांतव्वाचे डोळेच फिरले. एका जेवणाला चार चिंचोके, त्याच्या वर नाही. "आणि तुमच्या दोन भाकऱ्यांचे होतात बारा."

शांतव्वा बारा चिंचोक्यांकडे बघत राहिली. दिवसातून दोनदा, सहा वर्षं, ते तिने आपल्या हाताने वाढले होते. वर 'पोटभर जेवा' म्हणून आग्रह केला होता.

रिक्षात ती रडत म्हणाली, "मी तुमास्नी लबाड ठरिवलं."

"व्हय," रेवणसिद्ध म्हणाला. "लिंगावर हात ठेवल्यावरबी." असू दे, जाऊ दे, असं काही तो बोलला नाही. का बोलावं त्याने?

साखर उतरली. घोटा वाचला, पण आणखी दोन बोटं गेली आणि बाजार सुटला. शेवटच्या दिवशी अडत्याने नारळ-टॉवेल दिला. रेवणसिद्धने दुकानातला एक जुना लहान तराजू मागून घेतला आणि घरी आणून चुलीजवळ ठेवला. शांतव्वा रोज त्यात पीठ तोलायला लागली, चिंचोके वाटीत टाकायला लागली. भाकरी तळहाताएवढी झाली. तो भुकेला उठायचा; ताट उचलताना तिचा जीव तुटायचा. पण दोघांत बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

एकदा पारड्यात पीठ घेऊन ती त्याच्यापुढे आली. "बगा की जरा. बराबर हाय न्हवं?"

उभ्या आयुष्यात बघितल्याशिवाय कुणाचं माप त्याने मान्य केलं नव्हतं. त्याने पायाची पट्टी बांधता बांधता मानही वर केली नाही.

"तू तोललंस न्हवं? मग बराबरच आसंल."

सहा वर्षं त्याचे खिसे चाचपलेली शांतव्वा पारडं हातात धरून तिथेच खाली बसली.