फाटकाबाहेरून पाहिलेलं अटारी

हे लिहायला मी बरीच वर्षं लावली, कारण ते माझं नाही असं मला वाटत आलं आहे. ज्या स्टेशनबद्दल लिहितो आहे ते मी फक्त फाटकाच्या बाहेरून पाहिलं. ज्या दोघी बहिणींची ही गोष्ट आहे त्यांच्यातली एक माझी घरमालकीण होती आणि दुसरीला मी कधी भेटलो नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. लिहिण्याची सवय आमच्याकडे किराणा मालाच्या यादीपुरतीच. तेव्हा काही चुकलं, कमीजास्त झालं, तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण ज्यांना हे पुरतं ठाऊक होतं त्या आता सांगायला नाहीत, आणि मी नाही सांगितलं तर कोण सांगणार, एवढ्याच विचाराने बसलो आहे.

मी निफाड तालुक्यातल्या एका गावचा. बारावीनंतर नाशिकला आलो तेव्हा जुन्या नाशकात, कोकणी मुसलमानांच्या वस्तीत, एका घराच्या माडीवर मला खोली मिळाली. घर एका विधवा बाईंचं होतं. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची, म्हणून मीही खाला म्हणू लागलो. त्या सहावारी नेसायच्या, डोक्यावर पदर असायचा, आणि मराठी माझ्या आईपेक्षा शुद्ध बोलायच्या. रागावल्या की मात्र मध्येच हिंदी यायची. त्यांच्या मुलाचं नाशकातल्याच द्वारका चौकात ट्रकचं गॅरेज होतं. मी त्याला भाईजान म्हणायचो.

खालांची थोरली बहीण कराचीत होती. थोरल्या बहिणीला त्यांच्यात बुबू म्हणतात. लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हा खाला परकर नेसत होत्या. नंतर बुबू दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा दिल्लीपर्यंतच. नाशिकला लष्कराची छावणी आहे म्हणून तिला नाशिकचा व्हिसा देत नाहीत, असं खाला सांगायच्या. खरं-खोटं मला माहीत नाही. दोघी महिन्या-दोन महिन्यांनी फोनवर बोलायच्या, तेही मराठीत. अमुक गल्लीतल्या विहिरीला पाणी आहे का, तमुक बाईच्या सुनेला काय झालं, असलं सगळं. कराचीच्या घरात बुबूची मुलं म्हणायची, अम्मीला फोनवर भूत लागतं, एक शब्द कळत नाही.

माझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दिवाळीत बुबूला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्यानंतर फोन यायचा, पण पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. खाला इकडून बोलत राहायच्या. मग जानेवारीत भाच्याचा फोन आला की अम्मी आता माणसं विसरायला लागली आहे. धाकट्या मुलाला तिने ओळखलं नाही.

"मला ओळखतेय तोवर गेलं पाहिजे," खाला म्हणाल्या. "नंतर जाऊन काय, अनोळखी बाईच्या उशाशी बसू?"

व्हिसासाठी भाईजान दिल्लीला खेटे घालून आला. व्हिसा झाला, पण तो झाला तेव्हा त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल, त्यात डॉक्टरांनी काळजी घ्यायला सांगितलेलं. लाहोरची गाडी सरहद्दीवरच्या अटारी स्टेशनातून सुटते, तिथपर्यंत खालांना सोडायला त्याला जाता येईना. खाला एकट्या कधी मनमाडच्या पुढे गेल्या नव्हत्या. मीही नव्हतो.

"हा जाईल की," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "कॉलेजात शिकतो. इंग्रजी येतं त्याला."

"खाला, वाचता येतं थोडं. बोलता नाही येत."

"मग वाच तिथे. पाट्याच तर वाचायच्यात."

मी घरी विचारायला गेलो. आमच्या द्राक्षबागेत त्याच आठवड्यात खुडणी सुरू व्हायची होती. आमच्याकडे, म्हणजे आमच्या भावकीत, एक रीत आहे. बागेची पहिली खुडणी व्यापाऱ्याच्या गाडीत चढत नाही. ती लेकीबाळींची. आत्या, बहिणी, चुलतबहिणी, जिथे जिथे दिल्या असतील तिथे एकेक पेटी आधी पोचते, मग बाकीचा माल विकायचा. माहेरची ही पेटी सासरचं कुणी नाकारत नाही आणि परतही पाठवत नाही. आईने माझं सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना सांगितलं, "एक पेटी जास्ती भरा."

"कुनाला?"

"खालाच्या बहिणीला. ती नाशकाची हाय ना? मंग ती आपलीच लेक. तिला तिकडं पहिल्या खुडनीचं कोन देनार?"

वडील म्हणाले, "अगं, पाकिस्तानात हाय ती."

"मंग काय झालं? आक्का गुजरातेत हाय, तिला नाय पाठवत?"

तर असे आम्ही निघालो. नाशिकरोडवरून अमृतसरची गाडी, खालांच्या दोन बॅगा, एक शिवून घेतलेलं गाठोडं आणि द्राक्षांची पेटी. पेटी बर्थखाली ठेवली तर गुदमरेल म्हणून खालांनी ती आपल्या पायाशी ठेवली आणि स्वतः पाय दुमडून झोपल्या. सकाळी झाकण उघडून त्या प्रत्येक घड हाताने चाचपायच्या. मऊ पडलेला मणी काढून मला द्यायच्या. "खा. एक नासला की बाकीच्यांना नासवतो." मला वाटतं त्या प्रवासात मी जेवणापेक्षा द्राक्षंच जास्त खाल्ली. पंजाबात शिरल्यावर थंडी एवढी वाढली की त्यांनी आपली शाल काढून माझ्या अंगावर टाकली, आणि मी परत दिली तर म्हणाल्या, "तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. एकदाच, बहुतेक अंबाल्याच्या आसपास, त्यांनी मला विचारलं, "मी बदलले का रे?" मी त्यांना तीनच वर्षं ओळखत होतो. म्हणालो, नाही. त्या हसल्या. "तुला काय माहीत. दिल्लीला तिने पाहिलं तेव्हा माझे केस काळे होते."

अमृतसरहून जीपने अटारी. माझ्या डोक्यात सरहद्द म्हणजे काहीतरी मोठं, भिंत किंवा डोंगर. प्रत्यक्षात मोहरी फुलून पिवळी झालेली शेतं होती आणि मग एक साधं स्टेशन. आपल्याकडच्यासारखीच पिवळी पाटी, चहाची टपरी, बाकावर झोपलेलं कुत्रं. फरक फाटकाशी कळला. तिथे पोलीस होते आणि ज्याच्याकडे पासपोर्ट नि तिकीट त्यालाच आत सोडत होते. नाशिकरोडला आपण खिडकीतून पाण्याची बाटली देतो, गाडी हलली की दोन पावलं बरोबर चालतो, मग हात हलवतो. इथे सोडायला आलेल्याला गाडी दिसतच नाही. सगळा निरोप रस्त्यावर, फाटकाबाहेर उरकावा लागतो. म्हणून तिथे गर्दी होती आणि प्रत्येक घोळक्यात कुणीतरी रडत होतं. हमाल मात्र रोजच्यासारखे ओरडत होते.

फाटकाच्या तोंडाशी एक टेबल होतं. आत मोठी तपासणी व्हायचीच, पण जे जाणारच नाही ते इथेच बाजूला काढत होते. टेबलावर एक पोक्त सरदारजी होते. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.

"अंगूर नहीं जाएगा, माताजी."

"का नाही जाणार? विष आहे का त्यात?" खाला मराठीतच म्हणाल्या, मग भानावर येऊन, "क्यूं नहीं जाएगा?"

"फल, बीज, पौधा, कुछ नहीं जाता. कीड़ा लगता है उधर की फसल को. लड़के को दे दो, वापस ले जाएगा."

"वापस?" खालांचा आवाज चढला. "मायके का है ये. मायके का वापस नहीं जाता."

"किसका मायका?"

"मेरी बहन का."

"बहन कहाँ है?"

"कराची में."

"तो अंगूर आपने भेजे?"

"इसकी माँ ने." त्यांनी मला पुढे ओढलं.

सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खालांकडे. "ये लड़का आपका कौन है?"

"किराएदार."

"किराएदार की माँ ने आपकी बहन को मायके का अंगूर भेजा है?"

"हाँ. तो?"

मागच्या रांगेतले लोक हसले. सरदारजीही हसले, पण पेटीवरचा हात काढला नाही. "माताजी, बात समझ गया. लेकिन नहीं जाएगा."

मला गाडीची काळजी लागली होती. खाला या गाडीने नाही गेल्या तर पुढची गाडी काही दिवसांनी, आणि तेवढ्या दिवसांत कराचीत काय होईल कोण जाणे. मी हळूच म्हणालो, "खाला, राहू द्या. मी नेतो परत. आईला मी सांगेन."

"तू गप्प बस. काय सांगशील? लेकीची पेटी दारातून परत आणली म्हणून?"

त्या पेटीशी उभ्या राहिल्या, आणि हमाल पुढे सरका, पुढे सरका म्हणून ओरडू लागले. तेवढ्यात मागून बुरखा घातलेली एक बाई, बोलण्यावरून लखनौकडची असावी, म्हणाली, "बड़े नसीब हैं आपकी बहन के. हम तो मायके से ही लौट रहे हैं, भाभी ने पानी तक को न पूछा."

खालांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हारा मायका इधर?"

"इधर. ससुराल लाहौर."

"और तुम्हारा?" पुढच्या एकीला विचारलं. तिचं उलट होतं. माहेर मुलतानला, सासर मुरादाबादला. बारा वर्षांनी आईला भेटायला निघाली होती. खालांनी रांगेवरून नजर फिरवली. त्या रांगेत बहुतेक बायकाच होत्या, आणि जिला विचारावं ती एक तर माहेरी चालली होती नाहीतर माहेराहून निघाली होती.

"पेट में से तो नहीं निकालोगे?" खालांनी सरदारजींना विचारलं.

"पेट का कोई क़ानून नहीं," ते म्हणाले.

खालांनी मला पेटी धरायला लावली आणि घड काढून रांगेतल्या एकेका बाईच्या हातात द्यायला सुरुवात केली. प्रत्येकीला सांगायच्या, "मायके का है, यहीं खा के जाना." लखनौवाली बाई बुरखा वर करून उभ्या उभ्या खात होती आणि मध्येच डोळे पुसत होती, मध्येच म्हणत होती, "हाय, कितने मीठे हैं." तिची लहान मुलगी पुन्हा हात पुढे करत होती. खालांनी स्वतः चार मणी खाल्ले. शेवटचा घड त्यांनी टेबलावर ठेवला.

"मैं किसका मायका?" सरदारजी म्हणाले.

"बेटी है?"

"दो हैं."

"तो ले जाओ."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि घड रुमालात बांधला. मग स्वतः उठून खालांचं गाठोडं उचलून हमालाच्या गाडीवर ठेवलं आणि "इनको जल्दी करो" म्हणून आत ओरडले.

फाटकातून आत जाता जाता खाला परत फिरल्या. रिकामी पेटी माझ्या हातात होती. रिकामी वस्तू परत नेऊ नये म्हणून त्यांनी बॅगेतून नाशिकच्या चिवड्याचं एक पाकीट काढलं, तिकडच्या नातवंडांसाठी घेतलेल्यातलं, आणि पेटीत टाकलं. "आईला सांग, पेटी पोचली." मग पाठ वळवून त्या गर्दीत शिरल्या आणि मला दिसेनाशा झाल्या.

मी तिथेच थांबलो. थांबून काही उपयोग नव्हता, पण निघवेना. बऱ्याच वेळाने आतून शिट्टी ऐकू आली. घोळक्यांतले लोक त्या आवाजाच्या दिशेने हात हलवू लागले, तर मीही हलवला. समोर फक्त स्टेशनच्या इमारतीची मागची भिंत होती.

नाशिकला परत आलो तर कराचीचा फोन आलेला नव्हता. लाहोरला पोचल्याचा भाच्याचा निरोप तेवढा मिळाला होता, की मावशीला घेतलं आणि कराचीच्या गाडीत बसतो आहोत. त्यापुढे काही नाही. मी कॉलेजातून येताना द्वारकेला वळायचो. भाईजान ट्रकखाली असायचा. फक्त पाय दिसायचे.

"आला का?"

"नाही रे. लागतच नाही. लागला तर कुणी उचलत नाही."

असे बरेच दिवस गेले. कुणी फोन उचलत नाही याचा अर्थ काय असेल ते आम्ही दोघंही बोलत नव्हतो. त्याच दिवसांत भाईजानला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. गल्लीत पेढे वाटले. पण ते ज्यांना आधी कळायला हवं त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून त्याने मुलीचं नाव ठेवायचं लांबवलं. खाला आल्याशिवाय नाही, म्हणाला.

मी शनिवारी गावी गेलो. रविवारी बागेत सगळे खुडणीला होतो, मी क्रेट उचलत होतो, तेव्हा बांधावरून स्कूटर आली. भाईजान. अंगावर गॅरेजचेच कपडे, हात काळे. त्याचा चेहरा लांबून कळेना. आईने कात्री खाली ठेवली आणि मांडवाखालून वाकून बाहेर आली.

"अम्मीचा फोन आला," तो म्हणाला. "सकाळी. तिकडचं एक्स्चेंज बिघडलं होतं इतके दिवस."

आईने मध्येच विचारलं, "वळखलं का तिनं?"

भाईजान बांधावर बसला. म्हणाला, अम्मी खोलीत गेली तर बुबू नुसती बघत राहिली. अम्मीने नाव सांगितलं, नाशिकचं सांगितलं, काही नाही. सगळे म्हणाले, राहू द्या, दमल्या आहेत. अम्मी पलंगावर बसली आणि रडायला लागली. रडताना तिचा पदर डोक्यावरून घसरला. तेव्हा बुबूने डावा हात उचलला, चालतो तोच हात, आणि धाकटीचा पदर ओढून नीट तिच्या डोक्यावर घातला.