न वळणारी मान

अठ्ठावीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला ‘तुम्हाला गाडी चालवता येत नाही’ असं तोंडावर सांगायला छाती लागते. लायसन्सच्या ऑफिसातल्या त्या तरण्या परीक्षकाकडे ती होती. एकदा नाही, दोनदा सांगितलं त्यानं. वर सांगताना हसलासुद्धा. कुत्सित नव्हे, चांगलं गोड हसला, आणि ड्रायव्हरसाहेबांना नेमकं तेच झोंबलं.

ड्रायव्हरसाहेब हे नाव त्यांना डेपोत पडलेलं. त्यांच्या हाताखालून एवढी पोरं तयार झाली की साहेबही त्यांना साहेब म्हणायचे. लेकीनं बोलावून घेतलं म्हणून दोन वर्षांपूर्वी नवराबायको या देशात आले, तेव्हा त्यांनी हातातल्या बॅगेत तीन वस्तू पोटच्या पोरासारख्या जपून आणल्या होत्या: जुनं लायसन्स, पितळी बिल्ला आणि विनाअपघात सेवेचं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेमसकट. खिडकीमागच्या कारकून बाईनं तिन्ही वस्तू नीट निरखल्या, “फार सुंदर” म्हणाली आणि परत केल्या. मग शिकाऊ उमेदवाराचा फॉर्म पुढे सरकवला. साठीला टेकलेला माणूस, आणि गाडीच्या मागे पुढे ‘शिकाऊ’ची पाटी! ड्रायव्हरसाहेबांनी ती पाटी स्वतःच्या हातानं कधी लावली नाही. बायको लावायची.

खरं तर त्यांना लायसन्सची गरज आपल्यासाठी नव्हतीच. गरज होती बायकोला. जन्मभर घर सांभाळलेल्या या बाईला इथं आल्यावर एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम मिळालं होतं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, यंत्रातून गरमागरम निघालेले कपडे घडी घालून कप्प्यात रचायचे. पंचावन्नाव्या वर्षी पहिली नोकरी. सुरुवातीला हात भाजायचे, पाय सुजायचे, पण महिन्याभरात तिची घडी अशी बसायला लागली की मुकादमीण बाई नव्या मुलींना तिच्या शेजारी उभं करायची. घरी येऊन ती हे चार चार वेळा सांगायची आणि दरवेळी “तसं काही विशेष नाही म्हणा” असं शेपूट जोडायची. पाळी सकाळी सहाची. स्टॉपवरून पहिली बस पकडली की पावणेसहाला फाटकात.

त्या स्टॉपवर एक दिवस कागद चिकटवलेला दिसला. येत्या एक तारखेपासून ही बस बंद.

लेक त्याच गावात असती तर प्रश्न नव्हता. पण जावयाची बदली झाली आणि ती दोघं तीन तासांवरच्या शहरात राहायला गेली. त्याआधी, इथं आल्यावर पहिलं वर्षभर नवराबायको त्यांच्याकडेच होते. जावई सोन्यासारखा, कधी वावगा शब्द नाही. तरी ड्रायव्हरसाहेब त्या घरात खुर्चीच्या कडेवरच बसायचे. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’, हे त्यांनी स्वतःच शंभर लोकांना ऐकवलेलं होतं. ते वर्षभर राहिले. बायकोला नोकरी लागली, मग ही दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली, तेव्हा कुठं त्यांनी पाठ टेकून बसायला सुरुवात केली. आता बस बंद झाली की बायकोची नोकरी जाणार, नोकरी गेली की खोल्या जाणार, आणि पुन्हा जावयाच्या घरी खुर्चीची कड. लेकीनं जाताना तिची जुनी गाडी त्यांच्यासाठी मागे ठेवली होती. ती दारातच होती. फक्त ती चालवायची परवानगी नव्हती.

परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्यांदाही नापास झालात तर सहा महिने थांबा, असा नियम. तिसरी तारीख मिळाली महिन्याच्या सत्तावीसची.

आणि नापास कशात? गाडी उलटी लावण्यात? चढावर? तिथं परीक्षकानं “अप्रतिम” लिहिलं होतं. दोन्ही वेळा एकाच ओळीपुढं फुल्याच फुल्या: खांद्यावरून मागे पाहिलं नाही. पहिल्यांदा नऊ फुल्या, दुसऱ्यांदा अकरा.

“पाहिलं!” ड्रायव्हरसाहेब त्या देशाच्या मोडक्यातोडक्या भाषेत तडकले होते. “निळ्या सायकलवर बाई होती. मागे पांढरी गाडी, तिचा एक दिवा बंद. कोपऱ्यावर कुत्रं. सगळं पाहिलं!”

“तुम्ही पाहिलं असेल,” परीक्षक म्हणाला. “मला दिसलं नाही.”

त्याचंही चुकत नव्हतं. ड्रायव्हरसाहेबांची मान वळायचीच नाही. त्यांना गाडी शिकवली ती एका उस्तादानं, आणि उस्तादाच्या हातात कायम ग्रीसचं फडकं. मान जरा वळली की ते फडकं फाडकन कानावर. “मागे पन्नास माणसं बसलीत,” उस्ताद म्हणायचा. “ड्रायव्हरची मान हलली की पन्नास जीव खालीवर होतात. डोळे फिरव. मान देवळातल्या खांबासारखी पाहिजे.” तो खांब अठ्ठावीस वर्षं हलला नाही. प्रमाणपत्र त्याच खांबाच्या जोरावर मिळालेलं.

शेवटी लेकीनं फोनवरून एक शिकवणीवाली बाई शोधून दिली. आपल्याच भाषेची, चाळिशीची, तोंडानं फटकळ. तिनं त्यांना एक फेरी मारायला लावली, गाडी थांबवली आणि खाली उतरली.

“काका, आरशात बघा. मी दिसते का?”

दिसत नव्हती. मधल्या आरशात नाही, बाजूच्या आरशात नाही. मान वळवली तर बाई हातभर अंतरावर, मागच्या दारापाशी कमरेवर हात ठेवून उभी.

“तुमच्या बसला पाटाएवढे आरसे होते. शिवाय मागे कंडक्टर होता. इथं कंडक्टर नाही काका. हा कोपरा कुठल्याच आरशात येत नाही. तो मान वळवूनच बघावा लागतो.”

इतकी वर्षं त्या कोपऱ्याकडे दुसराच माणूस बघत होता, हे ड्रायव्हरसाहेबांच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. बाई तासाभरानं निघाली तेव्हा मान दहातून तीनदा वळली होती, तीही चोरट्यासारखी.

मग बायकोनं सूत्रं हातात घेतली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात एक खुर्ची मांडायची, ड्रायव्हरसाहेबांच्या हातात ताट, म्हणजे स्टिअरिंग. ती मागे तिरकी उभी राहायची, हातात काहीतरी घेऊन.

“अहो, निघा आता. हातात काय आहे माझ्या?”

“झारा.”

“आता?”

“किसणी.”

“आता?”

“लाटणं. आणि ते खाली ठेव, मला धाकधूक होते.”

तीन दिवस एकही उत्तर चुकलं नाही. बायको खूश. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की उत्तरं बरोबर येतात, पण मान होती तिथंच आहे. हा पठ्ठ्या समोरच्या मायक्रोवेव्हच्या काळ्या काचेत बघून उत्तरं देत होता! तिनं मायक्रोवेव्हवर टॉवेल टाकला. ड्रायव्हरसाहेबांनी ताट खाली ठेवलं.

“जमत नाही गं. हाड झालंय आता मानेचं.”

“हाडबिड काही नाही. तुम्हाला मागे बघायचंच नसतं.”

“म्हणजे?”

ती हसत नव्हती. हातातला चमचा तिनं ओट्यावर ठेवला.

“लग्न झाल्यापासून तुम्ही पहिल्या गाडीला निघालात की मी दारात उभी राहायची. कोपऱ्यापर्यंत. एकदा, फक्त एकदा तरी मागे वळून बघितलंत? शेजारच्या बायका म्हणायच्या, तुझा नवरा भारी ताठ. मी म्हणायची, ड्यूटीचं डोक्यात असतं त्यांच्या. इथं यायला निघालो त्या दिवशी तुमचा सख्खा भाऊ गेटात रडत होता. मी गाडीच्या मागच्या काचेतून बघत होते. तुम्ही पुढे बसलात ते थेट विमानतळापर्यंत समोर.”

भावाचं रडणं ड्रायव्हरसाहेबांनी पाहिलं होतं. टॅक्सीच्या बाजूच्या आरशात, गाडी वळेपर्यंत. मान वळवली असती तर उतरलो असतो, आणि उतरलो असतो तर परत चढलो नसतो, हे त्यांना त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. पण दारात उभी राहणारी बायको? ती मात्र त्यांनी खरंच कधी पाहिली नव्हती. आपण निघालो की ती कामाला लागत असेल, असं ते धरून चालले होते. त्यांना आतून फार वाईट वाटलं.

“सांगायचं ना मग कधी,” ते पुटपुटले.

“सांगून वळवलेल्या मानेला काय करायचंय?” ती म्हणाली आणि चमचा परत उचलला. “चला, धरा ते ताट. सत्तावीस तारीख काही आपल्यासाठी थांबणार नाही.”

सत्तावीसला तोच परीक्षक आला. ड्रायव्हरसाहेबांनी गाडी सुरू केली आणि मान अशी वळवली की पोरगा दचकला. प्रत्येक गल्लीला, प्रत्येक वळणाला, जिथं गरज तिथं आणि जिथं नाही तिथंही. ऑफिसच्या आवारात परत आल्यावर परीक्षकानं कागद पुढे केला. त्या ओळीपुढं एकही फुली नव्हती. “पास,” तो म्हणाला, आणि पुन्हा तसंच गोड हसून, “आता जरा कमी वळवलीत तरी चालेल.” त्या रात्री जेवण झाल्यावर बायकोनं त्यांच्या मानेला बाम चोळला आणि लेकीला फोन करून लायसन्सवरचा फोटो कसा चोरासारखा आलाय ते हसत हसत सांगितलं.

एक तारखेला साडेपाचला दोघं निघाले. शिकाऊची पाटी बायकोनं आदल्या दिवशीच काढून कपाटात ठेवली होती, टाकली नव्हती. रस्ता मोकळा होता. ती शेजारी डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि सारखी डाव्या उजव्या बाजूला बघत होती. अठ्ठावीस वर्षं बस चालवणाऱ्या नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर ती पहिल्यांदाच बसली होती. बसमध्ये ती दोनचारदा आली होती, पण तिकीट काढून, मागे.

लॉन्ड्रीच्या फाटकासमोरच, रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला बसस्टॉप होता. बस आता येणार नव्हती, इथंही चिकटवलेला तसाच कागद वाऱ्यावर फडफडत होता. तरी ड्रायव्हरसाहेबांनी गाडी तिथं थांबवली नाही.

“इथंच थांबवा की. फाटक समोर आहे.”

“स्टॉपवर गाडी लावत नसतात,” ते म्हणाले आणि चांगली दहा पावलं पुढे जाऊन थांबले.

ती उतरली. “दुपारी दोनला,” म्हणाली, दार लावलं आणि गाडीच्या मागून रस्ता ओलांडून गेली. ड्रायव्हरसाहेबांनी मधल्या आरशात पाहिलं. रस्ता रिकामा. बाजूच्या आरशात पाहिलं. रस्ता रिकामा, आणि लॉन्ड्रीची भिंत. गेली आत, त्यांना वाटलं. पाळीची वेळ झालेली, ती कशाला थांबेल. गाडी काढायला हरकत नव्हती. परीक्षक शेजारी नव्हता, कागदावर फुली मारणारं कुणी नव्हतं.

त्यांनी मान वळवली.

ती फाटकाशी उभी होती. दोन्ही हातांत डबा धरून, त्यांच्याकडे बघत.